कबुलीजबाब मिळाला, सत्य मिळाले का?

सिंगापूर : ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ मराठी वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तांमध्ये हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे, की वाचकाची नजर त्यावर आता अडखळतही नाही. उमेदवारीच्या काळात, पोलिस ठाण्यातून मिळालेल्या चार ओळींच्या आधारे, मीही ते अनेकदा लिहिले आहे. त्या वाक्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. खाक्या दाखवणे हा तपासाचाच भाग आहे, मिळालेली कबुली खरी आहे आणि कबुली मिळताच प्रकरण संपले आहे. या तिन्ही गृहीतकांची किंमत कोणी मोजली, हे मात्र पुढे कित्येक वर्षांनी एखाद्या वरिष्ठ न्यायालयाच्या निकालपत्रातून कळते.

अशी दोन निकालपत्रे येथे विचारात घ्यायची आहेत. एक सिंगापूरच्या अपील न्यायालयाचे, २०११ चे. दुसरे मुंबई उच्च न्यायालयाचे, २०२५ चे. दोन्ही देशांच्या पोलिसी व्यवस्थेत जमीनअस्मानाचे अंतर आहे, असे आपण मानतो, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तरीही दोन्ही निकालांना एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागले : बंद खोलीत मिळालेल्या शब्दांवर किती विश्वास ठेवायचा?

एका घरातील एक मारेकरी की दोन?

मे २००५ मध्ये सिंगापूरच्या पश्चिमेकडील बून ले भागातील एका सदनिकेत चोरीच्या उद्देशाने शिरलेल्या व्यक्तीने ६९ वर्षांच्या गृहिणीची अत्यंत क्रूर हत्या केली. तिच्या अंगावर शंभराहून अधिक जखमा होत्या. अंथरुणाला खिळलेला तिचा पती त्याच घरात होता. पोलिसांनी दोघा सख्ख्या भावांना पकडले. दोघांवर खुनाचा आणि समान उद्देशाचा आरोप ठेवण्यात आला. म्हणजे कलम ३०२ आणि कलम ३४. मराठी वाचकाला हे आकडे ओळखीचे वाटतील. सिंगापूरची दंडसंहिता ही १८६० च्या भारतीय दंडसंहितेचीच लेक असून, भारताने जुनी संहिता मोडीत काढल्यानंतरही सिंगापुरात खून अजून ‘तीनशे दोन’च आहे.

थोरल्या भावाविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे त्याचे स्वतःचे कबुलीजबाब. घटनास्थळी त्याच्या बोटांचे ठसे नव्हते, रक्त नव्हते, त्याला तेथे आणून ठेवणारा कोणताही वैज्ञानिक पुरावा नव्हता. खटल्यात धाकट्या भावाने आपण एकट्यानेच हत्या केल्याचे सांगितले. तरीही २००९ मध्ये उच्च न्यायालयाने दोघांनाही फाशी सुनावली. कबुली हा असा पुरावा आहे, की तो समोर असला म्हणजे बाकीच्या पुराव्याचा अभाव डोळ्यांना दिसेनासा होतो.

जुलै २०११ मध्ये अपील न्यायालयाने थोरल्या भावाची खुनाच्या आरोपातून निर्दोष मुक्तता केली. धाकट्याची शिक्षा कायम राहिली आणि २०१५ मध्ये ती अमलात आली. न्यायमूर्ती व्ही. के. राजा यांनी लिहिलेल्या या निकालात, आज ‘कादर खटला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात, दोन गोष्टी उघड्या पडल्या.

पहिली गोष्ट जबाब नोंदवण्याच्या पद्धतीची. काही जबाब त्याच वेळी न लिहिता मागाहून लिहिण्यात आले होते. ते आरोपीला वाचून दाखवून, दुरुस्तीची संधी देऊन त्यावर त्याची सही घेण्याची कायद्याने सांगितलेली रीत पाळण्यात आली नव्हती. शिवाय हा माणूस अमली पदार्थांच्या आहारी गेलेला होता, त्याची बौद्धिक क्षमता मर्यादित होती, आणि अटकेनंतर नशा तुटल्याच्या यातनांत असताना त्याची चौकशी झाली होती. दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. मृत महिलेच्या पतीने पोलिसांना सांगितले होते, की घरात शिरलेला माणूस एकच होता. घरात हजर असलेल्या एकमेव साक्षीदाराचे हे म्हणणे बचावपक्षाच्या हाती फार उशिरा पडले.

या निकालात मारहाण झाल्याचा निष्कर्ष नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. सक्तीची चौकशी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर पट्टा, टायर आणि उलटा टांगलेला माणूस येतो. परंतु फाशीच्या दोरापर्यंत नेणारी कबुली मिळवण्यासाठी त्यातले काहीच लागत नाही. खचलेले शरीर, एकटेपणा, आपले उत्तर आधीच ठरवून बसलेला प्रश्नकर्ता आणि नोंदीतील ढिलाई एवढे पुरते.

एकाच कायद्याच्या दोन वाटा

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. महसूल आणि पोलिस खात्यातील कनिष्ठ नोकर वसुलीसाठी व कबुलीसाठी लोकांचा छळ करतात, हे कंपनी सरकारच्याच आयोगाने त्यात मान्य केले. त्या काळातील अशा अनुभवांतून १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक विलक्षण तरतूद आली आणि पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात ती कलम २५ म्हणून स्थिरावली : पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. पोलिसांवरील हा अविश्वास खुद्द राज्यकर्त्यांनी कायद्यात लिहून ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कलम २३ मध्ये कायम आहे.

हाच पुरावा कायदा १८९३ मध्ये सिंगापूरसह तत्कालीन सामुद्रधुनी वसाहतींत आला. मात्र सिंगापूरने पुढे वेगळी वाट धरली. येथे सार्जंट किंवा त्यावरील दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब न्यायालयात चालतो. धमकी, आमिष किंवा आश्वासन यांच्या प्रभावाखाली तो दिलेला नसावा, ही अट आहे. वकिलाला भेटण्याचा हक्क राज्यघटनेत आहे. परंतु तो अटकेच्या क्षणी नव्हे, तर ‘वाजवी कालावधीत’ मिळतो, असा न्यायालयांनी त्याचा अर्थ लावला आहे. आरोप ठेवताना आरोपीला असेही बजावले जाते, की बचावाची एखादी गोष्ट आता न सांगता खटल्यात प्रथमच सांगितली, तर न्यायाधीश तिच्यावर विश्वास ठेवण्याची शक्यता कमी होईल. म्हणजे चौकशीची खोली हीच खटल्याची पहिली पायरी ठरते, आणि त्या पायरीवर बहुधा वकील नसतो.

कागदावर पाहता भारताचा कायदा आरोपीला अधिक जपणारा आहे. मग प्रत्यक्षात कोठडीतील छळाच्या कथा भारतातून अधिक का येतात? कारण कलम २५ च्या भिंतीला सुरुवातीपासूनच एक खिडकी होती. कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, तर कबुलीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. ‘आरोपीने दाखवून दिलेल्या ठिकाणाहून हत्यार जप्त’ हे पंचनाम्यातील वाक्य त्या खिडकीतून येते. पुढे विशेष कायद्यांनी त्या भिंतीला दारच पाडले. १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच मोक्का, हा त्यांपैकी एक. त्याच्या कलम १८ नुसार पोलिस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा ठरते. अधिकारी वरिष्ठ असला म्हणजे कबुली खरी असेल, असा त्यामागचा विश्वास आहे.

सात स्फोट, एकोणीस वर्षे

या विश्वासाची परीक्षा मुंबईत झाली. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी मरण पावले, शेकडो जखमी झाले. घरी परतणाऱ्या माणसांच्या वाटेवर झालेला तो घाव मुंबईशी नाते असलेला कोणीही विसरलेला नाही. आमच्यापैकी अनेकांनी त्या रात्री परदेशातून लागत नसलेले फोन पुन्हा पुन्हा लावले होते. दहशतवादविरोधी पथकाने १३ जणांवर मोक्काखाली खटला चालवला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने एकाला निर्दोष सोडले. उरलेल्या १२ पैकी ५ जणांना फाशी व ७ जणांना जन्मठेप सुनावली.

२१ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. खटल्याचा मोठा भार कबुलीजबाबांवर होता, आणि ते ग्राह्य धरण्यास न्यायालयाने नकार दिला. निरनिराळ्या आरोपींच्या जबाबांतील काही भाग जवळजवळ एकसारखे होते. मुंबईतील सार्वजनिक रुग्णालयांची वैद्यकीय कागदपत्रे छळाच्या तक्रारींना दुजोरा देत होती. स्फोटांत कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले, हेदेखील सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. निर्दोष ठरलेल्यांपैकी एक जण हे ऐकायला हयात नव्हता. २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने त्याचा मृत्यू झाला होता.

तीनच दिवसांनी, २४ जुलै रोजी, राज्य शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणाचा शेवटचा शब्द उच्च न्यायालयाच्या निकालाने लिहिला गेलेला नाही. पण त्या निकालाने मांडलेला विचार अपिलाच्या निर्णयाची वाट न पाहताही समजून घेण्याजोगा आहे. गुन्हा उलगडल्याचा खोटा आभास निर्माण केला, तर समाजाचे समाधान होते. खरा धोका मात्र मोकळाच राहतो. सक्तीच्या कबुलीचा पहिला बळी कोठडीतला माणूस असतो. दुसरा बळी असतो तो स्फोटात नातलग गमावलेला माणूस. एकोणीस वर्षांनी त्याच्या हाती ‘कोणी केले?’ हा प्रश्न जसाच्या तसा परत येतो.

निर्दोष माणूस कबूल का करतो?

‘मी काही केलेच नसेल तर कबूल कशाला करीन?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्यामुळेच कबुलीचे वजन एवढे मोठे ठरते. मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन आणि लॉरेन्स राइट्समन यांनी १९८५ मध्ये खोट्या कबुलीचे तीन प्रकार सांगितले. पहिला, आपणहून दिलेली कबुली : प्रसिद्धीच्या हव्यासापोटी किंवा घरातल्या कोणाला वाचवण्यासाठी. दुसरा, शरणागतीची कबुली : आपण निर्दोष आहोत हे पक्के ठाऊक असूनही समोरचा त्रास थांबावा म्हणून. तिसरा प्रकार सर्वांत चकित करणारा आहे : सततच्या दडपणाखाली माणसाला स्वतःच्याच स्मृतीविषयी शंका येऊ लागते आणि आपण खरेच तसे केले असावे, असे त्याला वाटू लागते.

या तिसऱ्या प्रकाराचा एक साधा प्रयोग कॅसिन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संगणकावर टंकलेखन करायला सांगून एक विशिष्ट कळ दाबू नका, अशी ताकीद देण्यात आली. संगणक मुद्दाम बंद पाडून ‘तूच ती कळ दाबलीस’ असा आरोप करण्यात आला. कोणीही ती दाबलेली नव्हती. तरीही ६९ टक्के विद्यार्थ्यांनी कबुलीपत्रावर सही केली आणि २८ टक्क्यांना आपण ती दाबली असे खरोखर वाटले. येथे ना कोठडी होती, ना फाशीची भीती. प्रयोगशाळेतील कळ आणि खून यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण माणसाचे मन आरोपापुढे किती लवकर वाकते, याची चुणूक त्यातून मिळते.

शरणागतीच्या कबुलीमागे एक साधा हिशेब असतो. आत्ताचा त्रास निश्चित असतो, पुढची शिक्षा अनिश्चित. ‘आता सही करतो, न्यायालयात खरे सांगेन’ असे माणूस स्वतःला समजावतो. निर्दोष असण्यावरचा भरवसाच त्याला सहीकडे ढकलतो. मग प्रश्न उरतो, की निर्दोष माणसाच्या कबुलीत गुन्ह्याचे अचूक तपशील येतात कोठून? बहुतेक वेळा ते प्रश्नांतूनच येतात. ‘चाकू स्वयंपाकघरातून घेतलास ना?’ असे विचारणारा अधिकारी नकळत उत्तर पुरवत असतो. दहाव्या तासाला तेच उत्तर ‘केवळ गुन्हेगारालाच ठाऊक असलेला तपशील’ म्हणून कागदावर उतरते.

न्यूयॉर्कमध्ये १९८९ च्या सेंट्रल पार्क प्रकरणात पाच किशोरवयीन मुलांना बलात्काराच्या गुन्ह्यात अडकवण्यात त्यांच्या जबाबांचाच मोठा वाटा होता. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराची कबुली डीएनए चाचणीने पडताळली गेली आणि त्यांची शिक्षा रद्द झाली. तोवर त्यांचे तारुण्य तुरुंगात गेले होते. डीएनए चाचणीमुळे अमेरिकेत निर्दोष ठरलेल्यांच्या प्रकरणांत चारपैकी एकाहून अधिक प्रकरणांत खोटी कबुली आढळते. ही संख्या केवळ पकडल्या गेलेल्या चुकांची आहे.

सौम्यपणा म्हणजे ढिलाई का?

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे. सराईत गुन्हेगार चहा पाजून बोलत नाही. कडक चौकशी नसेल तर बळी पडलेल्यांना न्याय कसा मिळणार? सिंगापूरची सुरक्षितता आपण सर्व जण रोज अनुभवतो, आणि पोलिसांवरील विश्वासाशिवाय ती शक्य नाही, हेही खरे.

पण या आक्षेपाचे उत्तर इंग्लंडच्या अनुभवात आहे. १९७२ च्या एका खून प्रकरणात लंडनमधील मुलांचे कबुलीजबाब खोटे निघाले, पुढे १९९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्फोटांसाठी सोळा वर्षे तुरुंगात असलेले सहा जण निर्दोष ठरले. यांपैकी पहिल्या धक्क्यातून तेथे चौकशीचे ध्वनिमुद्रण आणि वकिलाची उपस्थिती कायद्यात आली. १९९० च्या दशकात चौकशीची पद्धतच बदलली. संशयिताकडून कबुली काढणे हे उद्दिष्ट न ठेवता माहिती मिळवणे हे उद्दिष्ट ठरले. आधी त्याला त्याचे म्हणणे पूर्ण सांगू द्यायचे, मग ते हाती असलेल्या पुराव्याशी ताडून विसंगतीवर बोट ठेवायचे. खोटे बोलणारा त्यात अडकतो, निर्दोष सुटतो. मारहाणीत मात्र दोघेही सारखेच बोलतात. ती केवळ सहनशक्ती मोजते. कणखर गुन्हेगार तिच्यातून निसटतो आणि दुबळा निरपराध अडकतो.

सिंगापूरनेही कादर निकालानंतर पावले टाकली. आरोपीच्या बाजूने जाऊ शकणारी, पण खटल्यात न वापरलेली सामग्री बचावपक्षाला देण्याचे दायित्व त्या निकालाने सरकार पक्षावर टाकले. वकिलांच्या भाषेत ते आजही ‘कादर दायित्व’ म्हणूनच ओळखले जाते. जानेवारी २०१६ मध्ये पोलिस चौकशीहून घरी परतलेल्या एका १४ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूने देश हळहळला. त्यानंतर अल्पवयीन संशयितांच्या चौकशीत एका स्वतंत्र प्रौढ व्यक्तीला सोबत बसवण्याची योजना २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. २०१८ च्या सुधारणा कायद्याने चौकशीच्या चित्रमुद्रणाला आधार दिला. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलिस ठाण्यांत, चौकशीच्या खोल्यांसह, सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला आहे. छळविरोधी संयुक्त राष्ट्र करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याला अंतिम मान्यता अद्याप दिलेली नाही. सिंगापूरने सहीही केलेली नाही.

भाषा हीदेखील सक्तीच

आपल्यासारख्या परदेशस्थांसाठी यात आणखी एक धडा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने पार्ती लियानी या इंडोनेशियन गृहसेविकेला चोरीच्या आरोपांतून मुक्त केले. तिचे जबाब नोंदवताना तिच्या मातृभाषेचा दुभाषी दिलेला नव्हता, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. न समजलेल्या भाषेतील सही हीदेखील एक प्रकारची खोटी कबुली ठरू शकते.

म्हणून काही गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. जबाब देताना खरेच सांगावे. मात्र स्वतःवर गुन्हा ओढवेल असे काही सांगण्याची सक्ती सिंगापूरच्या कायद्यात नाही. इंग्रजीत कामकाज चालवणारा माणूसही दडपणाखाली मराठीत विचार करतो. तेव्हा दुभाषी मागण्यात कमीपणा नाही. जबाब संपूर्ण वाचल्याशिवाय, किंवा आपल्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय, सही करू नये. चूक असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी. परदेशी नागरिक आपल्या वकिलातीला कळवण्याची विनंती करू शकतो. आणि घरी काम करणाऱ्या मदतनीस बाईवर संशय आला, तर हाच न्याय तिलाही लागू आहे, हे आधी आठवावे.

कबुलीला पुराव्यात स्थान नसावे, असे कोणी म्हणत नाही. ती तपासाची सुरुवात असावी, शेवट नसावा. कबुली बाजूला ठेवली तर बाकी काय उरते, हा प्रश्न तपास अधिकाऱ्याने, न्यायाधीशाने आणि बातमी लिहिणाऱ्यानेही विचारला पाहिजे. बून लेच्या त्या घरात थोरल्या भावाविरुद्ध फारसे काही उरत नव्हते. मुंबईच्या खटल्यात जे उरले, ते उच्च न्यायालयाला पुरेसे वाटले नाही. ‘पोलिसी खाक्या दाखवताच’ हे शब्द यापुढे बातमीत दिसले, तर वाचकाने तेथे थांबावे. त्या शब्दांनंतर आलेली कबुली खरी असेलही. पण ती खरी आहे, असे मानण्याचे कारण त्या बातमीने अजून दिलेले नसते.